कोटांच्या कपाटातला मुद्देमाल

बाबा,

तुम्ही सगळी नोकरी जी गांजाची झाडं मुळासकट उपटून जाळण्यात घालवलीत, त्याच जातीचं एक झाड आत्ता माझ्या घरात, बेसमेंटमधल्या कोटांच्या कपाटात उलटं टांगलेलं आहे. त्याच्या आधीचं वाळून बरण्यांत गेलंय. एवढं लिहिलं आणि उठून जिन्याचं दार लागलंय का ते बघून आले. पत्र मराठीत आहे, इथल्या पोलिसाला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी दार बघितलंच. हसू नका. घाबरायला मी कुठे शिकले याचा शोध मला परवाच लागलाय, ते पुढे सांगतेच.

आधी आईचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी आहे. ती उन्हाळ्यात माझ्याकडे अमेरिकेत, हर्नडनला आली, नेहमीसारखी सहा महिन्यांसाठी, बॅगेत निम्मी बाजरी आणि निम्मं कळण्याचं पीठ घेऊन. महिना झाला नाही तर तिला नागीण उठली, डाव्या बरगडीवर, पाठीपासून पुढपर्यंत. फोड गेले, खपल्या पडल्या, आम्ही म्हटलं सुटलो. पण आग राहिली. डॉक्टर म्हणतात नस जळलीय, कधी बरी होईल सांगता येत नाही. तिला ब्लाउज सहन होत नाही. तुमच्या जावयाचा जुना टी-शर्ट उलटा करून घालते, शिवण बाहेर, म्हणजे टोचत नाही. आणि ती, जी तुमच्यासमोरसुद्धा पदर पडू द्यायची नाही, ती त्या टी-शर्टात सोफ्यावर एका कुशीला बसून राहायची आणि म्हणायची, "कोणी तवा ठेवलाय गं इथे, उचल की." गोळ्या दिल्या तर चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली. गोळ्या थांबवल्या तर जेवण थांबलं. वरणभाताचे दोन घास आणि पुरे. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मला खरी भीती वाटली.

इथल्या दुखण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हळूच सुचवलं, ह्या झाडाचं थोडंसं देऊन बघा. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुकानातून आणलेल्या त्याच्या गोड वड्यांनी आईला मळमळलं, पण तुपात उतरवून वरणभातावर दिलं ते मानवलं. तुमचे जावई बागकामाचे हौशी, त्यांना तेवढं निमित्त पुरलं. "यार, ह्या राज्यात घरी लावायला परवानगी आहे," असं म्हणून ते बेसमेंटमध्ये काळ्या कापडाचा तंबू आणि दिवा लावून मोकळे झाले. आणि खरंच परवानगी आहे, बाबा. एका घराला चार झाडं, रस्त्यावरून दिसता कामा नयेत, आणि प्रत्येक झाडाला चिठ्ठी बांधायची, त्यावर लावणाऱ्याचं नाव आणि गाडीच्या लायसन्सचा नंबर. तुम्ही डोंगरात लोकांची नावं काढायला आठ-आठ दिवस फिरायचात, कोणी बोलायचं नाही. इथे झाडाच्या गळ्यातच नाव. आमच्या झाडांच्या गळ्यात जावयांचं आहे, कारण ते इथले नागरिक झालेत. मी झाले नव्हते. माझा पहिला पासपोर्ट आला तेव्हा तुम्ही त्यावरच्या सिंहांवरून बोट फिरवलं होतंत, ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना, म्हणून मीच इतकी वर्षं चालढकल केली. आता मात्र अर्ज केला, कारण आईला कायमचं इथे ठेवून घ्यायचं तर तिच्या पोटचं कोणी इथलं नागरिक लागतं, आणि तिच्या पोटची मी एकटीच.

गोम इथेच आहे. राज्य म्हणतं लावा. दिल्लीसारखं इथलं जे मोठं सरकार आहे ते म्हणतं हा गुन्हा. आणि नागरिकत्व देतं मोठं सरकार. वकीलबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, मुलाखतीत हात वर करून शपथ घ्यायला लावतात आणि मग विचारतात, कधी जवळ बाळगलंत का, कधी काही केलंत का. हो म्हणालात तर अर्ज बुडाला. नाही म्हणालात आणि ते खोटं निघालं तर अर्जच काय, पुढचं सगळंच बुडालं. "तुमच्या मिस्टरांना काय करायचं ते करू दे. तुम्ही हात लावू नका," असं म्हणाल्या. हात लावू नका. हे शब्द मी त्यांच्या आवाजात ऐकलेच नाहीत, तुमच्या आवाजात ऐकले.

मी असेन सातेक वर्षांची. तुम्ही एक्साइजमध्ये जवान, सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं ते तालुक्याचं गाव, क्वार्टरच्या मागे नळ. तुम्ही तीन-चार दिवसांनी धाडीवरून परत येताय. तुरीच्या शेतात आत लपवून लावलेलं सगळं उपटून, ट्रॅक्टरमध्ये भरून, पंचनामा करून. तुमच्या खाकीला तो वास आहे, ओल्या गवताचा, रॉकेलचा, आणि कसला तरी उग्र. तुमच्या कागदांत तो शब्द असायचाच, 'उग्र वास येणारा'. मी तुम्हाला बघून धावत सुटते आणि तुम्ही दोन्ही हात वर करून ओरडता, "हात लावू नकोस! लांब हो!" इतक्या जोरात की शेजारच्या काकू बाहेर येतात. मी तिथेच उभी राहून रडते. तुम्ही नळाखाली बसता आणि आई तुमच्या हातांना तेल चोळते, मग डाळीचं पीठ, मग परत तेल, कारण तो चीक साबणाला दाद देत नाही. हात धुतले की तुम्ही तिच्या नाकासमोर धरता. "येतो का?" "येतो थोडा." परत तेल. तोवर मी रुसून आत. मग तुम्ही दप्तरातून गोडी शेव काढता आणि म्हणता, "हा मुद्देमाल कोणाचा? मालक हजर नाही का? मग सरकारजमा." की मी आलेच धावत. आपल्या घरात लपवून ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला मुद्देमाल म्हणायचे, आठवतं ना? दिवाळीचे लाडू, आईची साडी, माझं प्रगतिपुस्तक.

तर मी हात लावणार नव्हते. खरंच नव्हते. तंबूत हातसुद्धा घालायचे नाही. फक्त बघायचं ठरवलं होतं, आणि तेही तुमच्या भिंगातून. मी इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत, ज्यातून तुम्ही दारूच्या बाटल्यांवरची लेबलं खरी की बनावट ते तपासायचात. "स्वतःच्या पैशाचं आहे, खात्याचं नाही," हे दोनदा सांगितलंत. फुलांवर दवासारखे बारीक दाणे येतात, बाबा. आधी काचेसारखे, मग दुधाळ, मग एखादा-एखादा मधाच्या रंगाचा. दुधाळ झाले की काढायचं. आधी काढलं तर औषध कमी, उशीर केला तर नुसती झोप येते. तुमच्या भिंगातून मी ते बघितलं तेव्हा इतकं सुंदर दिसलं की मला स्वतःचाच राग आला. जावईबापूंना घाई, "झालं ना, कापू या." मी म्हटलं, थांब. दुसऱ्या दिवशी परत बघितलं, परत थांब. अखेर एका शनिवारी म्हटलं, आता काप, आणि मी आईच्या औषधाला गाडी घेऊन गेले.

परत येऊन बघते तर काय! मागच्या डेकवर आईचं जुनं सुती लुगडं अंथरलेलं, चार कोपऱ्यांना स्टीलच्या वाट्या ठेवलेल्या, आणि त्यावर भर उन्हात अख्खं झाड कुरडयांसारखं पसरलेलं. वाळवण! माणूस नागपूरचा, वाळवण म्हटलं की ऊन हे डोक्यात पक्कं. बाजूला खुर्ची टाकून, पक्षी हाकायला हातात वर्तमानपत्र घेऊन साहेब बसलेले. कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा गवत कापतायत. मी किंचाळायची ती तोंडावर हात दाबून गप्प बसले, कारण किंचाळले असते तर आजोबांनी मान वर केली असती. "अरे उन्हात नाही!" असं दात-ओठ खात म्हटलं. तुम्ही जेवताना आईला सांगत असायचात, उन्हात वाळवलेला माल बघितला की कळतं करणारा नवखा आहे, मुरलेला माणूस आढ्याला टांगतो, अंधारात. मला तेव्हा वाटायचं ह्या गप्पा माझ्या कामाच्या नाहीत.

तुमचे जावई म्हणाले, "ठीक आहे यार, पिशवीत भरून आत ठेवतो," आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. प्लास्टिकची! ओलं झाड प्लास्टिकमध्ये, म्हणजे दोन दिवसांत बुरशी, आणि बुरशी लागलेलं आईला देणार का? तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ओरडली नाही, ती ओरडत नाही, नुसतं "आई गं" असं श्वास सोडल्यासारखं. आणि मी हात लावला. पाचही बोटांनी, दोन्ही हातांनी. लुगड्यासकट गोळा करून पोटाशी धरलं आणि बेसमेंटमध्ये धावले.

कोट बाहेर काढून कपाट रिकामं केलं. फांद्या उलट्या टांगल्या, एकमेकींना न चिकटवता. छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला, झाडावर थेट वारा नको. हीटर चालू झाला की घरातली हवा इतकी कोरडी होते की पानं एका दिवसात पापड होतील आणि औषधाला वाळल्या गवताचा वास येईल, म्हणून खाली पाण्याचं पातेलं ठेवलं. रोज काडी वाकवून बघायची. वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली की उतरवायचं, बरणीत भरायचं, गच्च नाही, आणि रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, नाहीतर आतल्या आत घाम धरतं. फुलं वेगळी. फुलांलगतची बारीक पानं वेगळी, ती मंद ओव्हनमध्ये शेकून तुपात टाकायची, तूप मंद आचेवर ठेवायचं, जळू द्यायचं नाही, गाळून घ्यायचं. गाळलेला चोथासुद्धा मी परत एकदा तुपात घालते. कात्रीला लागलेला चीक खरवडून तोही. तुम्हाला वाटेल आईची काटकसर उतरली पोरीत. थोडी उतरली आहेच, हे तूप तिला वसंतापर्यंत पुरायचंय. पण खरं सांगू का, मला काहीच टाकता येत नाही म्हणून मी काही वाया जाऊ देत नाही. कचऱ्याचा डबा आठवड्यातून एकदा रस्त्यावर ठेवावा लागतो. त्यात एक काडी जरी गेली आणि ती उचलणाऱ्याला वास आला तर? मोठी पानं आणि देठ मी मागच्या वाफ्यात खोल पुरते, वर मातीत मेथी पेरलीय.

आई तुपाचा तो हरभऱ्याएवढा गोळा वरणभातावर घेते आणि जेवते, बाबा. पहिल्या दिवशी ताट पुढे सरकवलं होतं तिने. "त्यांनी जन्म घातला हे उपटण्यात आणि मी खाऊ?" मग म्हणाली, "डॉक्टरने सांगितलंय ना? मग औषध." आता विचारते, "मुद्देमाल वाळला का गं?" आणि हसते. तासाभराने कूस बदलते. पाठ टेकून झोपते. मी दारात उभी राहून बघत बसते.

आणि बाकी सगळा वेळ मी घाबरलेली असते. गल्लीत पोलिसाची गाडी नुसती वळली तरी मी बेसमेंटचा दिवा मालवते. कोट त्या कपाटाबाहेरच टांगलेले, ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकाने नाक वर करून म्हटलं, "समबडीज हॅपी टुडे," म्हणजे कोणीतरी ओढून आलंय, सगळे हसले, मीही हसले, आणि दुपारी घरी येऊन सगळे कोट ड्रायक्लीनला दिले. मग ड्रायक्लीनरवाल्याची भीती. महिन्यातून एका रविवारी आपली माणसं आळीपाळीने कोणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला जमतात. यावेळी आमची पाळी होती. मी ढीगभर उदबत्त्या लावल्या. पाचवं शील आलं, मादक पदार्थांचं, आणि मी उदबत्त्या नीट करायला उठले. आईने मात्र खणखणीत म्हटलं, टी-शर्टावर शाल घेऊन. मग एक काकू पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग धावले, तर त्यांच्या हातात बरणी. "अगो बाई, घरची कसुरी मेथी? थोडी देतेस?" झाकण फिरवायला लागल्या.  मागून आई म्हणाली, "राहू द्या हो. माझ्या नागिणीचं औषध आहे ते, कडू जहर." काकूंनी बरणी ठेवली आणि हुंगून म्हणाल्या, "वास मात्र काहीतरीच आहे हो." आई म्हणाली, "आमच्या ह्यांच्या खाकीला यायचा." काकूंना वाटलं म्हातारी भ्रमलीय. मी बरणी उचलून ओट्याखाली सारली.

सगळे गेल्यावर मी आईवर चिडले. म्हटलं, तू असं कसं बोलतेस कोणासमोरही, माझी मुलाखत आलीय, तुला कळतं का? ती म्हणाली, "प्रमाद नको असं शील आहे. मी कुठे बहकले? मी नुसती झोपते." मग म्हणाली, "तू अगदी त्यांच्यासारखी घाबरतेस." मी म्हटलं, बाबा? बाबा कशाला घाबरतील? तेव्हा तिने सांगितलं. तुमच्या बरोबरीच्या एका जवानाच्या घरी, पोराच्या खिशात, दोन सुकी पानं सापडली होती. कपड्याला चिकटून आलेली असणार. पण मुद्देमालातला माल चोरला म्हणून त्याला घरी बसवलं. तेव्हापासून तुम्ही नळाखाली बसायचात. नखं स्वतः बघायचात, मग तिला बघायला लावायचात. मी अंगाशी धावले तर माझ्या फ्रॉकला एखादं पान लागेल, शाळेत कोणी बघेल, ह्या भीतीने तुम्ही ओरडायचात. "रात्री उठून परत परत हात हुंगायचे ते," म्हणाली. आणि मी आयुष्यभर समजले की तुम्ही माझ्यावर रागावला होतात. सांगायचं होतंत, बाबा. एकदा तरी सांगायचं होतंत.

मुलाखत उद्या सकाळी आहे. आठवडाभर मी आरशासमोर सराव केला. अधिकारी विचारतो, मी 'नो' म्हणते. आधी अडखळायचे, आता अजिबात नाही. काल इतकं सहज आलं की आरशातली बाई मला खरीच वाटली, आणि मला त्या बाईची पोलिसापेक्षा जास्त भीती वाटली. आज दुपारी वकीलबाईंना फोन करून सांगितलं, अर्ज मागे घ्या. त्या म्हणाल्या, नीट विचार केलात ना? तुमच्या आईंचा वाढवून घेतलेला मुक्काम मग मार्चपर्यंतच. म्हटलं, हो. मार्चमध्ये आई परत जाईल, त्याच क्वार्टरच्या गावी, जिथे हे तूप नेताही येणार नाही आणि करताही येणार नाही. तिथे ती आग आणि ती, दोघीच. हे मी केलंय. बरोबर केलं की नाही मला माहीत नाही, विचारायला तुम्ही नाही.

संध्याकाळी बेसमेंटमध्ये गेले, दुसऱ्या झाडाची काडी मोडून बघितली, अजून वाकतेय. वर आले तर आई टेबलाशी वाटीत तेल आणि डाळीचं पीठ घेऊन बसलेली. "हात आण," म्हणाली. "उद्या शपथेला हात वर करायचा ना, साहेबाच्या नाकाशी वास गेला म्हणजे?" मी उजवा हात दिला. तिने तेल लावलं, एकेक बोट, नखांच्या कडा, मग पीठ, मग परत तेल. बरगडीला ताण पडत होता तिच्या, मला दिसत होतं, पण मी हात काढून घेतला नाही. शेवटी तिने तळहात नाकाशी नेला आणि म्हणाली, "नाही येत आता. दुसरा आण." मी म्हटलं, राहू दे, एकच हात वर करायचा असतो. ती हसली आणि वाटी सरकवली.

त्या डाव्या हाताने कागद दाबून धरून मी हे लिहितेय. त्याला तुमचा वास येतोय. उद्या मला कुठलाच हात वर करायचा नाहीये, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.